विहिरीतला सोरा

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पाणी तपासणी चालली होती. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं, त्यांतल्या दोघी पेटी उघडून बसल्या होत्या. सहा विहिरी-हापशांचं पाणी सहा बाटल्यांत भरून आणलेलं. एकीने काचेच्या नळीत पाणी घेतलं, नायट्रेट तपासायची पुडीतली भुकटी टाकली, नळी हलवली आणि बाजूला ठेवली. थोडा वेळ पाणी होतं तसंच निर्मळ राहिलं. मग तळाकडून गुलाबी छटा चढू लागली आणि बघता बघता जांभळट झाली. तिने नळी रंगांच्या पट्टीशी धरली. पट्टीवरच्या शेवटच्या चौकोनापेक्षाही रंग गडद होता. हे पाणी ज्या विहिरीचं, ती गावात गोड्या पाण्याची म्हणून नावाजलेली.

"भाऊ, उकयून देल्लं त चालते ना लेकराले?" तिने विचारलं.

नाही चालत. नायट्रेट हा पाण्यात विरघळलेला क्षार आहे. पाणी उकळलं की वाफ उडून जाते, क्षार मागेच राहतो. लिटरमागे ६० मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं पाणी पाऊण होईपर्यंत उकळलं तर त्यात ८० मिलिग्रॅम होतं. तुरटी फिरवून, टीसीएल पावडर टाकून किंवा फडक्याने गाळून काही फरक पडत नाही. आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी सांभाळायच्या ज्या रीती जपल्या, त्या सगळ्या इथे हरतात. पाण्याला वास नाही, रंग नाही, चव बिघडत नाही.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. दुसरा स्रोत नसेल तर चालवून घ्या, अशी सवलत मानक काही घटकांना देतं. नायट्रेटला ती नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्के नमुने या मर्यादेबाहेर निघाले, महाराष्ट्रातले ३५ टक्क्यांहून अधिक. देशातल्या सर्वांत बाधित १५ जिल्ह्यांची जी यादी त्यात आहे, तिच्यात सात जिल्हे आपले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. दुष्काळाच्या बातम्यांत हे जिल्हे वर्षानुवर्षं दिसतात. तिथल्या विहिरीत पाणी आहे की नाही हे सगळे विचारतात. असलेलं पाणी कसं आहे हे फार थोडे विचारतात.

सगळ्यात मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना, विशेषतः वरचं दूध पाण्यात कालवून दिलं जातं त्यांना. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचा प्राणवायू वाहून नेण्याचा गुण काढून घेतं आणि बाळ निळसर पडू लागतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये अशा बाळांचा संबंध त्यांच्या घरच्या विहिरीशी जोडून दाखवला. मोठ्यांच्या बाबतीत चित्र अजून पुरतं स्पष्ट नाही, पण निर्धास्त राहण्यासारखंही नाही. डेन्मार्कमध्ये २७ लाख लोकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा वाढीव धोका मानकाच्या कितीतरी खालच्या पातळीवरही दिसला.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग पूर्वीपासून मानतात: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. नायट्रेट दोन्हींतून येतं.

काळीतलं गणित सोपं आहे. युरियाची गोणी ४५ किलोची, तिच्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण पावणेएकवीस किलो. जगाची सरासरी पाहिली तर शेतात घातलेल्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपासच पीक घेतं. उरलेल्यातलं काही हवेत जातं, काही जमिनीत राहतं, काही पाण्याबरोबर खाली उतरतं. धरून चालू की एका गोणीतलं फक्त पाव नत्र खाली झिरपलं. त्याचं सुमारे २३ किलो नायट्रेट होतं. एवढ्याने पाच लाख लिटर स्वच्छ पाणी शून्यावरून थेट ४५ च्या मर्यादेवर येऊन बसतं. सहा मीटर व्यासाच्या, आठ मीटर पाणी असलेल्या विहिरीत सव्वादोन लाख लिटर मावतं. म्हणजे एका गोणीच्या पाव हिश्शात दोन भरलेल्या विहिरी संपल्या.

पांढरीची गोष्ट जुनी आहे. गोठ्याची जमीन, उकिरडा, मातीच्या भिंतींचा पाया इथे मुताचा आणि शेणाचा नत्र शतकानुशतकं मुरत आला. अशाच मातीतून क्षार धुऊन घेऊन बंदुकीच्या दारूचा सोरा काढत. हा सोरा म्हणजे नायट्रेटच. तो तयार करतात जिवाणू: एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास ते वेगळे करून दाखवले. आता या पांढरीत शोषखड्डे आणि शौचालयांचे खड्डे यांची भर पडली आहे. उघड्यावरची घाण थांबली हे फार मोठं काम झालं. पण खड्डा आणि विहीर यांच्यामध्ये भेगाळलेला मुरूम असेल, तर खड्ड्यातला नत्र विहिरीत पोचतो. नायट्रेट काळीतलं की पांढरीतलं हे नत्र आणि प्राणवायूच्या समस्थानिकांवरून बरंचसं ओळखता येतं. ही तपासणी महाग आहे, पण उपाय ठरवण्याआधी ती करावी असं मला वाटतं. नाहीतर शेतकऱ्याला दोष देऊन गाव मोकळं होतं आणि गोठ्याचं पाणी विहिरीकडे वाहतच राहतं.

आज गावांत नायट्रेटवर एकच इलाज दिसतो, आरओचं यंत्र. ते काम करतं, यात शंका नाही. पण आरओ नायट्रेट नष्ट करत नाही, एका पाण्यातून काढून दुसऱ्यात टाकतो. पाच रुपयांना कॅन भरून मिळतो आणि मागच्या पाइपातून आधीपेक्षा खारं, नायट्रेटने घट्ट झालेलं पाणी नालीत जातं, तिथून पुन्हा जमिनीत. आयन-विनिमयाच्या राळेचंही तेच: राळ मिठाच्या पाण्याने धुवावी लागते आणि ते धुवण नायट्रेटने भरलेलं असतं.

नायट्रेट मोडणारे जिवाणूही असतात, आणि त्यांचं वेगळेपण इथे आहे. ते नायट्रेट हलवत नाहीत, मोडतात. त्यातला नत्र वायू होऊन हवेत परत जातो, जिथून तो कारखान्यात युरियासाठी ओढून घेतला होता.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत. परीक्षानळीत नायट्रेट घातलेला पोषक रस, त्यात उलटी बुडवलेली बोटाच्या पेराएवढी काचेची नळी. जिवाणू टोचून नळी उबेला ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्या उलट्या नळीच्या टोकाला वायूचा बुडबुडा अडकलेला असायचा. मग दोन रसायनं घालायची. लाल रंग आला तर जिवाणू नायट्राइटवर थांबला. नाही आला तर जस्ताची चिमूटभर भुकटी टाकायची; तरीही रंग आला नाही, तर नायट्रेट पूर्ण संपलं. ओट्यावरच्या त्या पुडीतलं रसायन हेच: आधी नायट्रेटचं नायट्राइट करायचं आणि मग त्याला रंग चढवायचा.

जिवाणू हे का करतात? श्वासासाठी. आपण अन्न जाळायला प्राणवायू घेतो, तेही घेतात. पण यांतल्या बऱ्याच जिवाणूंना प्राणवायू संपला तरी मरावं लागत नाही. ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात. नायट्रेटचं नायट्राइट, त्याचं नायट्रिक ऑक्साइड, त्याचं नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नत्रवायू, अशा चार पायऱ्या. फ्रान्समध्ये गायाँ आणि द्यूपती यांनी १८८० च्या दशकात या क्रियेचा पाठपुरावा केला आणि तिला विनायट्रीकरण या अर्थाचं नाव दिलं. स्यूडोमोनास, पॅराकॉकस, थायोबॅसिलस असे अनेक जिवाणू हे काम करतात, आणि माती, गाळ, शेण कुठेही सापडतात.

म्हणून पुड्यांत भरून विकल्या जाणाऱ्या 'जिवाणू पावडरी'कडे मी फार आशेने बघत नाही. विहिरीत जिवाणूंचा तुटवडा नाही. तुटवडा त्यांच्या अन्नाचा आहे, आणि अडचण विरघळलेल्या प्राणवायूची आहे. भूजलात सेंद्रिय कार्बन अगदी थोडा आणि उथळ विहिरीत हवा खेळती. अशा पाण्यात जिवाणू उपाशी राहून साधाच श्वास घेतात. नायट्रेटला हात लावायची त्यांना गरज पडत नाही.

काही ठिकाणी हे अन्न जमिनीनेच साठवून ठेवलेलं असतं. जर्मनीत हॅनोवरजवळच्या फुरबर्गर फेल्ड या भागात वरच्या शेतांतून नायट्रेट उतरत होतं, पण खोल विहिरींत ते पोचत नव्हतं. १९८० च्या दशकातल्या संशोधनातून कारण कळलं. वाळूच्या थरांत पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज होतं आणि जिवाणू त्याच्यावर जगून नायट्रेट मोडत होते. बदल्यात पाण्यात सल्फेट वाढत होतं. हा साठा मर्यादित आहे. पायराइट संपलं की संरक्षण संपलं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या वरच्या, झिजलेल्या, हवेशीर थरांकडून अशा पहाऱ्याची अपेक्षा ठेवता येत नाही. जे करायचं ते आपल्यालाच करावं लागेल.

पिण्याच्या पाण्यासाठी हे मोठ्या प्रमाणावर युरोपने १९८० च्या दशकात केलं. फ्रान्समध्ये एरान्यी आणि शातो-लांदाँ इथे, जर्मनीत म्योन्शनग्लाडबाखजवळ संयंत्रं उभी राहिली. फ्रेंच पद्धतीत जिवाणूंना इथेनॉल किंवा ॲसेटिक आम्ल देतात. टाकीत खडे किंवा भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा थर असतो, त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत पापुद्रा वाढतो आणि पाणी त्यातून जातं. थोडं फॉस्फरसही घालावं लागतं, कारण भूजलात ते जवळजवळ नसतं आणि त्यावाचून पेशी वाढत नाहीत. बाहेर पडलेल्या पाण्यात हवा भरायची, ते वाळूतून गाळायचं, मग क्लोरीन द्यायचा. जर्मन संयंत्रात इथेनॉलऐवजी हायड्रोजन वायू वापरला. पुढे अमेरिकेत ब्रूस रिटमन यांनी पोकळ तंतूंच्या आतून हायड्रोजन सोडून तंतूंच्या बाहेर जिवाणू वाढवायची पद्धत विकसित केली. हायड्रोजन मागे काही शिल्लक ठेवत नाही हा त्याचा मोठा गुण. पण आपल्या पाणीपुरवठ्याच्या खोलीत हायड्रोजन हाताळावा असं मी सुचवणार नाही. गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंची पद्धत स्वस्त आहे, गंधक आणि चुनखडीचे खडे भरले की झालं. मात्र ६० मिलिग्रॅम नायट्रेट घालवताना पाण्यात साधारण १०० मिलिग्रॅम सल्फेट येतं. विहिरीचं पाणी आधीच जड असेल तर ही अदलाबदल परवडत नाही.

इथेनॉलचा हिशेब आपल्या गावाला लावून पाहू. दोन हजार वस्ती, माणशी ५५ लिटर, म्हणजे रोज १ लाख १० हजार लिटर. नायट्रेट १०० वरून ४० वर आणायचं तर दिवसाला ६ किलो ६०० ग्रॅम मोडावं लागेल. कागदावर त्याला दोन किलो इथेनॉल पुरतं. पाण्यातला प्राणवायू संपवायला आणि जिवाणूंच्या वाढीला लागणारं धरून तीन-साडेतीन किलो. फक्त पिण्या-स्वयंपाकाचं, माणशी दहा लिटर पाणी घेतलं तर साडेपाचशे ते साडेसहाशे ग्रॅम. साखर कारखान्यांच्या या राज्यात हे प्रमाण काहीच नाही. अडचण उत्पादन शुल्काच्या परवान्याची येईल, तिथे ॲसेटिक आम्ल सोपं. मळी मात्र नको: स्वस्त आहे, पण तिचा रंग आणि न पचलेला भाग पाण्यात उतरतो.

खरी कसोटी मात्रेची आहे. अन्न कमी पडलं तर जिवाणू मधल्या पायरीवर थांबतात आणि पाण्यात नायट्राइट राहतं, जे बाळासाठी नायट्रेटपेक्षा वाईट. जास्त झालं तर नायट्रेट संपल्यावर जिवाणू सल्फेटकडे वळतात, पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येतो आणि उरलेल्या अन्नावर नळातही जिवाणू वाढतात. नायट्रस ऑक्साइडच्या पायरीवर गाडी अडली, तर तो वायू हवेत जाऊन कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. त्या शेवटच्या पायरीच्या विकराला तांबं लागतं, आणि प्राणवायूने किंवा आम्लतेने ते विकर आधी बंद पडतं.

हे सगळं टाकीत सांभाळता येतं, विहिरीत नाही. कुणीतरी ऐकून येतं की जिवाणूंना गोड लागतं, आणि विहिरीत गूळ टाकायची कल्पना निघते. हात जोडून सांगतो, असं करू नका. विहिरीतलं पाणी सडेल. प्राणवायू आणि नायट्रेट संपल्यावर खडकातलं मँगनीज आणि लोह विरघळायला लागेल, रोगजंतूही पोसले जातील. परदेशात बोअरमधून कार्बन सोडून जमिनीखालीच नायट्रेट मोडायचे प्रयोग झाले. तिथेही बोअरभोवती जिवाणूंचा गाळ साठून पाणी यायचं बंद होणं ही कायमची डोकेदुखी ठरली.

जमिनीखालच्या पद्धतींपैकी एक मात्र मला मनापासून आवडते, भुशाची भिंत. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत रॉबर्टसन आणि चेरी यांनी सेप्टिक टाकीतून झिरपणाऱ्या पाण्याच्या वाटेत चर खणून लाकडाचा भुसा मिसळलेली माती भरली. त्यांचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूझीलंडमध्ये १९९६ साली अशीच भिंत घातली. या दोन्ही ठिकाणच्या भिंती १४-१५ वर्षांनंतरही काम करताना आढळल्या. ना पंप, ना वीज, ना रोजची मात्रा: भुसा सावकाश कुजत राहतो, प्राणवायू आधी संपतो आणि पुढचं काम जिवाणू करतात. आयोवातल्या शेतकऱ्यांनी शेताच्या निचऱ्याच्या पाइपाच्या शेवटी लाकडाच्या तुकड्यांचे वाफे केले. अशा वाफ्यांत घनमीटरमागे दिवसाला २ ते २२ ग्रॅम नत्र मोडतं. पाणी जितकं उबदार तितकं जास्त. आपलं उबदार भूजल ही इथे जमेची बाजू आहे. तरी दहा ग्रॅम धरले तर वरच्या गावासाठी दीडशे घनमीटरांचा वाफा लागतो, तर इथेनॉलवरच्या टाकीला काही घनमीटर पुरतात. शिवाय वाफ्यातून सुरुवातीला चहासारखं तपकिरी पाणी येतं. त्यामुळे हे पिण्याच्या पाण्याचं यंत्र नव्हे, वाटेतला पहारा आहे.

आणि तो पहारा आपल्या काळ्या पाषाणात कुठे बसवायचा हा प्रश्न आहे. कॅनडातल्या वाळूत पाणी एका अंगाने, सावकाश सरकतं. आपल्याकडे ते मुरुमातून, सांध्यांतून, लाल गेरूच्या थरावरून वाट काढतं. दोन विहिरी हाकेच्या अंतरावर असतात आणि एकीचं पाणी दुसरीला माहीत नसतं. चर खणला आणि पाणी शेजारच्या भेगेतून निघून गेलं, असं सहज होईल. म्हणून आपल्याकडे चर खडकात नको. गावठाणातून आणि गोठ्यांतून वाहणारं पाणी जमिनीत मुरण्याआधी जिथे एकत्र येतं, त्या नालीच्या शेवटी तो हवा. एक अट आहे: गोठ्याच्या पाण्यातला नत्र बराचसा अमोनियाच्या रूपात असतो, त्याचं आधी हवेशीर थरात नायट्रेट व्हावं लागतं, मगच भुशातले जिवाणू ते मोडतात. आधी वाळू-खडीचा उघडा थर, मग बंद वाफा, असा क्रम लागतो.

त्या वाफ्यात काय भरायचं? लाकूड विदर्भात महाग, पण पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, दर हंगामात बांधावर जाळली जाते. इस्रायलच्या बेन गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये कापूस हेच जिवाणूंचं अन्न आणि तोच त्यांचा आधार अशी मांडणी करून भूजलातलं नायट्रेट काढून दाखवलं. वर्तमानपत्राच्या कागदावरही त्यांनी तेच केलं. कापसाचा धागा जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, तो जिवाणूंना हळूहळू पुरतो. सर्वांत बाधित जिल्ह्यांच्या यादीत कापसाचे जिल्हे इतके आहेत की हा प्रयोग वर्धा-यवतमाळात गावपातळीवर नेटाने व्हायला हवा असं मला तीव्रतेने वाटतं. पऱ्हाटीचे तुकडे किती वर्षं टिकतात, फवारणीचे अवशेष त्यातून उतरतात का, हे इथेच मोजावं लागेल.

वाफा घातला, युरिया माती परीक्षणाप्रमाणे आणि हप्त्याहप्त्याने दिला, तरी जमिनीत आधीच उतरलेलं नायट्रेट विहिरीत येत राहणार. तोवर बाळाला पाणी हवं, म्हणून इथेनॉलवरची टाकी. टाकीतला पापुद्रा वाढायला काही आठवडे जातात, तोवरचं पाणी कुणालाच द्यायचं नाही. पंप तासन्‌तास बंद राहिला तर पापुद्रा साचल्या पाण्यात सडू लागतो, म्हणून वीज गेली तरी पाणी थोडं थोडं फिरत ठेवायची सोय हवी. पहिल्या दमदार पावसानंतर वरच्या थरातलं नायट्रेट एकदम खाली उतरलं की इथेनॉलची मात्रा त्याच आठवड्यात बदलावी लागते. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचा कागद येईपर्यंत थांबता येत नाही. टाकीतून बाहेर येणाऱ्या पाण्यात नायट्राइट आहे का, हे रोज सकाळी नळी धरून कुणीतरी बघायला हवं. गुलाबी रंग ओळखणाऱ्या दोघी त्या ओट्यावर आहेतच. हे रोजचं काम आहे, तर त्यांना महिन्याचा पगार मिळायला हवा, आणि तो संयंत्राच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून लिहिलेला असायला हवा.